गळकं विमान

नवी कोरी वस्तू गळायला लागली तर आपण मध्यमवर्गीय माणसं काय करतो? पावती शोधतो आणि दुकान गाठतो. अमेरिकेच्या हवाई दलाने मात्र जमिनीवर चक्क गळणारं विमान जवळजवळ पाव शतक कौतुकाने सांभाळलं.

त्याचं नाव एसआर-७१, लाडाने ब्लॅकबर्ड. १९६४च्या डिसेंबरात ते पहिल्यांदा उडालं. काम हेरगिरीचं. ध्वनीच्या तिप्पट वेगाने, सुमारे २५ किलोमीटर उंचीवरून फोटो काढत जायचं. या वेगात अंग असं तापे, की साधं ॲल्युमिनियम मऊ पडावं. म्हणून बहुतेक विमान टायटॅनियमचं केलं. आणि हे टायटॅनियम आणलं कुठून? आडवळणाने, मधे भलतेच खरेदीदार उभे करून, थेट सोव्हिएत संघातून! वसुलीला निघालेल्या बँकेच्या माणसाने कर्जदाराचीच सायकल मागून न्यावी, तसलाच प्रकार.

धातू तापला की फुगतो. म्हणून पत्र्यांच्या सांध्यांत आधीच जागा सोडलेली. त्यातून जमिनीवर इंधन ठिबकत राही. आग लागायची भीती? छे! इंधनच इतकं थंड डोक्याचं, की त्यात पेटती काडी टाकली तर काडीच विझावी. ते पेटवायला वेगळं रसायन लागे. विमान उडे तेही अर्धवट भरलेल्या टाक्यांनिशी. वर गेल्यावर दुसरं विमान त्याला इंधन पाजी. मग वेग वाढे, अंग तापे, फटी मिटत. क्षेपणास्त्र मागे लागलं तर उपाय एकच : आणखी जोरात पळायचं. एकूण ३२ विमानं बांधली. १२ अपघातांत गेली, पण शत्रूला एकही पाडता आलं नाही.

आमच्या शाखेतही असं एक विमान होतं. अकरा महिने त्या गृहस्थांचं सगळंच गळे : चष्मा, पेन, चहा, बेरजेतला हातचा. नवे साहेब आले की पहिल्या आठवड्यातच त्यांच्या बदलीचा विचार करीत. आम्ही म्हणायचो, ‘साहेब, मार्च तेवढा बघा.’ मार्चअखेरीला रात्री अकरा वाजता, सगळी शाखा हातपाय गाळून बसलेली असताना, नऊ पैशांचा फरक हाच माणूस शोधून काढी. बदलीचा कागद मग टेबलाच्या खणातच राही.

१९९०च्या मार्चमध्ये एक ब्लॅकबर्ड निवृत्तीला निघालं, ते लॉस एंजेलिसहून वॉशिंग्टनला ६४ मिनिटांत पोचलं. तो विक्रमच झाला. तिथून रवानगी संग्रहालयात. आता लोक त्याला उभं असलेलं बघतात, आणि तेवढ्यावरून मत बनवतात.