मॅचिंग नको, मेळ हवा!

आपल्याकडे मुलीला बाराखडीच्या आधी मॅचिंग कळतं. मावशीनं मला पहिल्यांदा दादरच्या मॅचिंग सेंटरमध्ये नेलं, तेव्हा मी जेमतेम सहा वर्षांची असेन. काउंटरवर साडी, समोर हिरव्याच्या पन्नास छटा, आणि मावशी एकेक ब्लाउजपीस घेऊन दुकानाच्या पायरीवर उजेडात जाणार. "अगं, ट्यूबलाइटखाली सगळंच जुळतं!" हा तिचा पहिला फंडा. दुसरा त्याहून कडक : "जवळजवळ जुळतंय म्हणजे जुळत नाही."

हे दोन्ही फंडे कामाला आले ते थेट स्कॉटलंडमध्ये. फेझंटच्या शिकारीला काय घालायचं, हे ठरवताना. हसू नका, खरंच सांगतेय!

एडिनबरोला प्रोजेक्टवर येऊन मला दोन वर्षं झाली होती. टीममधला एक सहकारी बॉर्डर्स भागातला, शेतकऱ्याचा मुलगा. नोव्हेंबरात एकदा कॉफी मशीनपाशी म्हणाला, "शनिवारी आमच्याकडे शूट आहे. बघायला येतेस?" मुंबईकराला शूट म्हटलं की फिल्मसिटीच आठवणार. पण हे होतं गेम शूटिंग. तिथे फेझंटचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी, ग्राउजचा १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव कायदा आल्यापासून शिकार भेटते ती आजोबांच्या गोष्टींत, नाहीतर पेपरातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांत. तिथे मात्र ती कायदेशीर आहे आणि तिला चक्क ड्रेस कोड आहे. असा, की आपले ऑफिसचे फॉर्मल्स त्यापुढे नाइटड्रेस वाटावेत!

म्हणजे काय काय, तर ट्वीडचा कोट किंवा वेस्टकोट. गुडघ्याखाली चार बोटं येऊन थांबणारी ढगळ विजार, तिला म्हणतात ब्रीक्स. लांब लोकरी मोजे आणि ते घसरू नयेत म्हणून गोंडेवाले गार्टर. फिकट चौकड्यांचा टॅटरसॉल शर्ट. हे नाव लंडनच्या टॅटरसॉल्स या जुन्या घोडेबाजारावरून आलं, तिथल्या घोड्यांच्या झुलींवर तशा चौकड्या असायच्या. वर फ्लॅट कॅप, खाली गमबूट. आणि चिखलात उभं राहायचं असलं तरी गळ्यात टाय. बायकांनाही साधारण हेच, टाय मर्जीवर.

मी नेटवर बघितलं तर पहिल्यांदा दिसला तयार सेट. कोट, वेस्टकोट, ब्रीक्स, कॅप, सगळं एकाच कापडाचं. मॅचिंगची हौस असलेल्या मुलीला आणखी काय हवं? पण सहकारी म्हणाला, "तो नको घेऊस. एक तर शेकडो पाउंड जातील, आणि वर लोक तुला कीपर समजतील."

इथून मला खरी गंमत कळायला लागली.

कीपर म्हणजे इस्टेटीवरचं रान आणि पक्षी राखणारा माणूस. तो तिथे नोकरीला असतो आणि त्याच्या अंगावर नखशिखांत एकाच ट्वीडचा सूट असतो, जो त्याला इस्टेट देते. ही पद्धत १८४०च्या दशकातली. स्कॉटलंडमधल्या बड्या जमीनदारांनी आपापल्या डोंगराच्या रंगांचं खास ट्वीड विणून घ्यायला सुरुवात केली. माणूस रानात दिसू नये, पण दिसलाच तर कुणाच्या इस्टेटीचा हे लगेच कळावं. राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट यानं १८५३मध्ये बाल्मोरलसाठी करड्या रंगाचं ट्वीड काढलं, तिथल्या ग्रॅनाइटसारखं दिसणारं. ते आजही राजघराण्याच्या परवानगीशिवाय कुणाला घालता येत नाही. योगायोग बघा, १८४०च्याच दशकात इकडे पेशावरला गाइड्स पलटणीनं मातीच्या रंगाचे कपडे घालायला सुरुवात केली. आपला 'खाकी' शब्द तिथूनच जगभर गेला. दोन्हीकडे आयडिया एकच : जमिनीसारखं दिसा.

तर पाहुण्यानं नखशिखांत सेट घातला की दोनच अर्थ निघतात. एक तर तो तिथला नोकर, नाहीतर कालच दुकानातून सगळं उचलून आणलेला. म्हणून जुने जाणते लोक मिक्स करतात. कोट एका कापडाचा, ब्रीक्स दुसऱ्या, वेस्टकोट काकांकडून आलेला. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे कपडे हळूहळू साठत गेलेत.

आता माझ्यापुढे प्रश्न असा, की मुंबईहून आलेल्या मुलीकडे काकांचा वेस्टकोट कुठून असणार? त्या घोळक्यात माझा चेहरा तसाही वेगळा दिसणार होता. कपड्यांनी मी तिथलीच आहे असं सोंग आणायचं नव्हतं आणि टूरिस्टसारखं जीन्स-जॅकेटात उभंही राहायचं नव्हतं. पाहुणीसारखं जायचं होतं. व्यवस्थित, आणि आपल्या पैशात बसेल तसं!

एडिनबरोतल्या स्टॉकब्रिज भागात चॅरिटी शॉप्सची रांगच आहे. लोकांनी दान केलेले कपडे तिथे स्वस्तात मिळतात. दोन शनिवार फिरून मला एक जुना हॅरिस ट्वीड कोट मिळाला. तपकिरी, हेरिंगबोन विणीचा, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या रेघांचा. आत गोल आणि त्यावर क्रॉस असलेलं लेबल. हे लेबल म्हणजे तिथली पैठणीच! १९९३च्या कायद्याप्रमाणे हॅरिस ट्वीड म्हणवून घ्यायचं तर लोकर आउटर हेब्रिडीज बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी आणि कापड तिथल्या विणकरानं आपल्या घरी हातमागावर विणलेलं हवं.

कोट घेऊन मी दुकानाच्या दारात उजेडात गेले. (मावशी!) आणि काय सांगू, आतून लाइटखाली नुसता तपकिरी दिसणारा तो कोट उजेडात सात रंगांचा झाला. विटकरी, शेवाळी, मोहरीचा पिवळा, कुठे तरी निळ्याचा ठिपका. याचं कारण सोपं आहे. या ट्वीडची लोकर आधी रंगवतात, मग वेगवेगळ्या रंगांची लोकर एकत्र पिंजून तिचं सूत कातात. त्यामुळे एकेका धाग्यात चार-पाच रंग राहतात. लांबून सगळे मिळून तपकिरी, जवळून नाचणीच्या शेतासारखे.

मिक्स अँड मॅचचं गुपित इथेच आहे. दोन ट्वीड एकमेकांशी तंतोतंत जुळायची गरजच नाही. एकातला एखादा ठिपका दुसऱ्यात सापडला की झालं. पैठणीचं अंग एका रंगाचं, काठ दुसऱ्याच, आणि ब्लाउज काठाचा असतो ना? तसंच.

मग मी कोटातला शेवाळी पकडला आणि सहकाऱ्याच्या बहिणीच्या जुन्या ब्रीक्स मागून घेतल्या. करडी झाक असलेल्या हिरव्या, प्लेन. तिथे या रंगाला लोव्हॅट म्हणतात. विटकरी ठिपक्यावरून मोजे घेतले. तिथल्या पुरुषांना रंगाची हौस भागवायची परवानगी मोज्यांतच असते, त्यामुळे भल्या भल्या गंभीर गृहस्थांच्या पायात जांभळं आणि मोहरी बघायला मिळतं! शर्ट क्रीमवर बारीक विटकरी चौकड्यांचा. कोटाची वीण बारीक, शर्टाच्या चौकड्या त्याहून मोठ्या, म्हणजे दोघांचं भांडण नाही. मोठी, ठसठशीत चौकडी अंगावर एकच हवी, हा तिथलाही नियम आहे. आणि सर्वांत वाईट काय, तर दोन वेगवेगळी पण जवळजवळ सारखी हिरवी कापडं. बघणाऱ्याला वाटतं, जोडी लावायला गेला आणि फसला. मावशीचा दुसरा फंडा, थेट दादरहून!

टायचं मात्र काही केल्या पटत नव्हतं. माझ्या मर्जीवर असला, तरी बाकी सगळ्यांना चिखलात, कुत्र्यांच्या गराड्यात टाय कशाला? मी विचारलंच. सहकारी म्हणाला, "पक्ष्यासाठी. ज्याचा जीव घेणार, त्याच्यापुढे नीटनेटकं उभं राहायचं, असं आमच्याकडे मानतात." मी काहीच बोलले नाही. पण जाऊन एक साधा वाइन रंगाचा लोकरी टाय घेतला.

शनिवारी सकाळी रान धुक्यात होतं. बंदूकवाले आठ जण, त्यांना तिथे नुसतं 'गन्स' म्हणतात. चिठ्ठ्या काढून प्रत्येकाला उभं राहायची जागा मिळते. मी सहकाऱ्याच्या मागे उभी. समोरच्या झाडीतून हाकारे काठ्या आपटत, झेंडे फडकवत येतात. त्यांच्या अंगावर जुने वॅक्स्ड कोट, ठिगळं लावलेले रेनकोट, काहीही. बारीक पाऊस लागलं आणि कोट ओलसर झाला, तरी आत ऊब होती. वास मात्र थेट पावसात भिजलेल्या घोंगडीचा! शिवाय ट्वीडचा आवाज होत नाही. माझ्या नायलॉनच्या ट्रेकिंग जॅकेटनं नुसता हात हलवला तरी सगळ्या रानाला कळलं असतं.

शिट्टी झाली. पक्षी उडाले. बंदुकीचा आवाज सिनेमातल्यापेक्षा खूप मोठा असतो, छातीत लागतो. एक नर फेझंट माझ्यापासून पंधरा पावलांवर धपकन पडला. लॅब्रडॉरनं अलगद तोंडात धरून आणला. तांब्यासारखी छाती, हिरवी मान, गळ्यात पांढरी माळ. फेझंट, मोर आणि आपला रानकोंबडा एकाच कुळातले, हे वाचलेलं होतं. आता दिसलं. मागून एक मादी आणली. ती तपकिरी, विटकरी, पिवळसर, थेट माझ्या कोटासारखी. ज्या रंगांत आम्ही सगळे लपलो होतो, ते रंग आधी तिचे होते.

पोटात कसंतरी झालं. खोटं कशाला सांगू?

आणि सगळं काही रोमँटिक नाही. फेझंट मुळात ब्रिटनचा पक्षीच नाही, आशियातून आलेला. तिथे दर वर्षी कोट्यवधी फेझंट शिकारीसाठी वाढवून सोडले जातात आणि त्यावर तिथेही कडाक्याचे वाद आहेत. काही मोठ्या शूट्समध्ये एका दिवसात शेकडो पक्षी पडतात. आमचं छोटं होतं, गावातल्या लोकांनी वर्गणी काढून चालवलेलं. तरी मेलेला पक्षी तो मेलेलाच.

संध्याकाळी प्रत्येकाला एक जोडी घरी न्यायला देतात. माझ्यापुढेही धरली. नर-मादी, दोरीनं बांधलेली. नको म्हणणं सोपं होतं आणि कुणी आग्रह केला नसता. पण मी दर रविवारी सुपरमार्केटमधून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कोंबडी आणते, तिच्यापुढे कधी नीट कपडे घालून उभी राहिलेली नाही. मी जोडी घेतली. सहकाऱ्याच्या आईनं पिसं काढायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी मालवणी मसाला लावून रस्सा केला. छर्रे लागतील म्हणून जपून, हळूहळू खाल्ला.

आईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "वाया नाही ना घालवलंस?"

"नाही."

"मग ठीक आहे. रस्सा पातळ झाला का?"

तो कोट आता मी ऑफिसला घालते, जीन्सवर, कधी कधी खादीच्या कुर्त्यावरसुद्धा. मस्त दिसतो! शूटला मी पुन्हा गेलेली नाही आणि जाणार नाही असंही म्हणत नाही. पण तुम्हाला कधी असं बोलावणं आलंच, तर दुकानात शिरण्याआधी यजमानाला दोन गोष्टी विचारा. तुमचा कीपर कोणतं ट्वीड घालतो? आणि पडलेले पक्षी कोण खातं? पहिल्याचं उत्तर मिळालं की काय घालायचं नाही ते कळेल. दुसऱ्याचं उत्तर आवडलं नाही, तर कपड्यांचा विचार करायची गरजच नाही.