पिसाऱ्याविना मोर

कविसंकेत शिकवताना माझी उदाहरणे वर्षानुवर्षे ठरलेली असत. चातक केवळ पावसाचे थेंब पितो, चकोर चांदण्यावर जगतो, हंस दूध आणि पाणी वेगळे करतो. त्यांच्या जोडीला एक लोकसमजूतही सांगत असे : लांडोर मोराचे अश्रू पिऊन गर्भ धारण करते. २०१७ साली राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी ती सत्य म्हणून सांगितली, तेव्हा देशभर हसू झाले. मीही वर्गात हसले. मोर-लांडोरीचे मीलन इतर पक्ष्यांसारखेच होते, असे सांगून आपल्या डोळसपणावर समाधान मानले.

पुढे एका दिवाळीच्या सुट्टीत मोराची चिंचोली पाहायला गेले. चिंचेची झाडे आणि मोर यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव आमच्याच शिरूर तालुक्यातले; पण मी तिथे प्रथमच जात होते. गावातली एक विद्यार्थिनी सोबत होती. बांधावर आखूड शेपटीचा एक पक्षी दाणे टिपत होता.

"लांडोर ना गं ही?"

"नाही मॅडम, मोरच आहे. मान बघा ना, निळी. पिसं झडलीत त्याची. दिवाळीला असाच असतो."

पावसाळा सरत येतो तशी मोराची लांब पिसे गळतात आणि नवा पिसारा भरायला पुढे काही महिने जातात. पिसारा म्हणजे त्याचे शेपूटही नव्हे; ती शेपटीच्या वर वाढलेली पिसे. खरे शेपूट आखूड, तपकिरी. पिसारा उभारला की मागून आधार देणारे. पिसांत निळे रंगद्रव्यही नसते. त्यांच्या सूक्ष्म रचनेतून परतणाऱ्या प्रकाशाचा तो खेळ. हे सारे मी नंतर वाचले. त्या मुलीने ते अंगणातून पाहिले होते. पेरलेले दाणे खातो म्हणून तिच्या घरचे मोराला हुसकतात आणि उन्हाळ्यात त्याच्यासाठी पाणीही तेच ठेवतात.

अश्रूंची समजूत नाकारणे सोपे होते. पण बारा महिने पिसारा मिरवणारा मोर हाही एक कविसंकेतच होता, आणि तो मी निमूटपणे खरा मानला होता. आपल्या कवितेने मोराला नाचताना पाहिले. पिसे गळाल्यावर बांधावर दाणे टिपताना क्वचितच पाहिले.

आता कविसंकेत शिकवताना हे उदाहरण शेवटी देते, आणि ते मला कोणी शिकवले तेही सांगते.