वजनकाटा आणि हाडे

मंडळाच्या हळदीकुंकवाला "अगं, किती बारीक झालीस!" ही शाबासकी असते. आम्ही स्वयंसेवक चहाचे पेले भरता भरता ती दरवर्षी ऐकतो. हाडांचे मत मात्र थोडे निराळे आहे.

जरा रसायनशास्त्र (सवय जात नाही!). वाळलेल्या हाडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा, मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेटचा. उरलेला बहुतेक कोलॅजेन हे प्रथिन. कोंबडीचे हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवले की खनिज विरघळते आणि हाड रबरासारखे वाकते. आम्ही मराठी शाळेत हे करून दाखवले. शाकाहारी पालकांनी थोडी कुरकुर केली, मुले खूश! उलट हाड जाळले तर कोलॅजेन जाते, आणि उरते ते हातात भुगा होणारे. मजबुतीला दोन्ही हवीत.

डॉक्टर सांगतात ती डेक्सा तपासणी फक्त खनिज मोजते, दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम. वजनदार माणसाचा हा आकडा बहुधा चांगला येतो. हाडांवर रोज भार पडतो, शिवाय पाळी गेल्यावर चरबीतच थोडे इस्ट्रोजेन तयार होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, जवळजवळ ६०,००० स्त्रीपुरुषांच्या एकत्रित अभ्यासात बीएमआय २० असणाऱ्यांना २५ वाल्यांपेक्षा खुब्याचे हाड मोडण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला. झपाट्याने वजन उतरवले तर हाडातले खनिजही थोडे उतरते. वजने उचलण्याच्या व्यायामाने ही घट कमी होते.

मग खुशाल श्रीखंड खावे? तसेही नाही. टाइप २ मधुमेहात डेक्साचा आकडा बरेचदा उत्तम असतो, तरी हाडे त्या आकड्याच्या मानाने जास्त मोडतात. रक्तातली साखर कोलॅजेनला चिकटून त्याची लवचिकता घालवते, हे त्याचे एक कारण मानतात. खनिज जागेवर, पण त्याला धरून ठेवणारे प्रथिन बिघडलेले. आपल्या कार्यक्रमांत बिनसाखरेच्या चहाचा थर्मास आधी संपतो, तेव्हा ही गोष्ट परक्यांची नव्हे. अशांनी नुसत्या चांगल्या आकड्यावर निर्धास्त न राहता डॉक्टरांना मधुमेहाची आठवण करून द्यावी. ठेंगण्या बांध्याच्या बायकांचे उलटे होते. डेक्सा हाडाची जाडी मोजत नाही, म्हणून लहान हाड आहे त्याहून विरळ दिसू शकते. तेही विचारावे.

आमची आई ४२ किलोची, उंची चार फूट अकरा इंच, आठवड्याला दोन उपास. सगळे तिला काटक म्हणत, आम्हीही. मागच्या हिवाळ्यात दारातल्या बर्फावर घसरली आणि मनगट मोडले. नुसते उभ्या उभ्या पडून हाड मोडले, म्हणून डॉक्टरांनी लगेच डेक्सा लिहून दिली. आता दूध, दाणे, डाळी आणि रोजचे चालणे यांवर घरात वाटाघाटी चालू आहेत. सोमवार सोडणार नाही म्हणते, गुरुवारचे बघू.