शिंदी आणि तिजोरी

आमची येडशी 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. शिंदीच्या झाडाचा पहाटेचा रस गोड. उन्हं चढली की तोच आंबतो, नशा आणतो. आपल्या दीनमध्ये नशा हराम. तरी मुसलमान राजाच्या तिजोरीत आबकारीचा पैसा येतच होता. म्हणून 1947 च्या लढ्यात स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहींनी शिंदीची झाडं तोडली. निजामाचं उत्पन्न बुडावं हा हेतू. राजा गेला, दारूवरचा कर मात्र राहिला. हदीसमध्ये पिणाऱ्याइतकाच विकणाऱ्याचा आणि तिचा पैसा खाणाऱ्याचाही धिक्कार आहे. आपण मात्र जाब विचारतो तो फक्त गल्लीतल्या झिंगलेल्या मजुराला. तिजोरीला कोण विचारणार?