‘श्राव्य’ म्हणून लिहिलेली मुलगी

प्रिय सखे,

तुझा व्हॉइस मेसेज शनिवारी मिळाला. उत्तरही बोलूनच पाठवणार होते, पण इकडे पाटणच्या वरच्या अंगाला चार दिवस पाऊस उघडलेला नाही. वीज येऊन-जाऊन आहे आणि रेंज हवी तर पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जावं लागतं. शिवाय तू जे विचारलंस ते दोन मिनिटांत बोलून संपणारं नाही. म्हणून वही उघडली. लिहून झालं की पानांचे फोटो पाठवीन, अक्षर लावून घे.

तुमच्या ख्राइस्टचर्चच्या रविवारच्या मराठी वर्गात एका ताईंनी प्रश्नावली आणली, अकरा मुलांकडून भरून घेतली आणि चार गट पाडले: पाहून शिकणारी, ऐकून शिकणारी, वाचून-लिहून शिकणारी, करून शिकणारी. आणि तुझी लेक घरी येऊन म्हणाली, “आई, मी करून शिकणारी आहे. मला ते पुस्तक वाचायला नको देऊस.” तू हे हसत सांगितलंस. पण डीएडची दोन वर्षं आपण एका खोलीत काढलीत गं, तुझ्या हसण्यामागची काळजी मला लगेच कळली.

ही चार खान्यांची प्रश्नावली निघाली तुमच्याच परिसरातून, हे तुला ठाऊक आहे का? ख्राइस्टचर्चजवळच्या लिंकन विद्यापीठातल्या नील फ्लेमिंगनं ती १९८७च्या सुमारास तयार केली आणि १९९२मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्याआधी तो शाळा तपासनीस होता. वर्गात मागे बसून त्यानं असंख्य तास पाहिले. उत्तम शिकवणाऱ्यांच्या वर्गातही काही मुलं कोरडी राहतात आणि बेताचं शिकवणाऱ्यांच्या वर्गातही काहींना सगळं उमगतं, हे कसं, हा त्याला पडलेला प्रश्न. प्रश्न अगदी खरा आहे. तुला-मला रोज पडतो. त्यानं दिलेल्या उत्तराचं पुढे जे झालं, त्याबद्दल मला बोलायचंय. त्यानं विचारलं होतं, माहिती कशी घ्यायला तुम्हाला आवडतं? ‘आवडतं’चं ‘जमतं’ कधी झालं आणि ‘जमतं’चं ‘एवढंच जमतं’ कधी झालं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी तेच केलं होतं, आणि अजून मला ते सलतं.

मागच्या वर्षी जूनमध्ये एका प्रशिक्षणात आम्हाला अध्ययन शैलीचा तक्ता मिळाला. दृश्य, श्राव्य, कृतिशील असे तीन रकाने. मी हरखून गेले. आमची शाळा द्विशिक्षकी, माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, एकोणीस मुलं. वाटलं, आता प्रत्येकाची किल्ली सापडली. मुलांना एकेक करून जवळ बसवलं, प्रश्न विचारले, निळ्या-पिवळ्या-हिरव्या कागदांवर नावं लिहिली आणि भिंतीवर लावली. मुलांनाही नवल वाटलं. आपण कोण आहोत हे बाईंनी शोधून काढलं, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत होतं.

तिसरीतली एक मुलगी होती, धनगरवाड्यावरून चालत येणारी. कविता एकदा ऐकली की तोंडपाठ. गोष्ट सांगितली तर दुसऱ्या दिवशी माझ्याच शब्दांत परत सांगायची. फळ्यावरचं उतरवायला दिलं मात्र, की चुका, गाळलेले शब्द, वाकड्या ओळी. तिचं नाव मी पिवळ्या कागदावर लिहिलं: श्राव्य. त्यात चूक तरी काय वाटणार? सगळी लक्षणं जुळत होती. मग मी ‘शैलीप्रमाणे’ शिकवायला लागले. तिच्याकडून तोंडी कामच जास्त घेऊ लागले, लेखन कमी केलं. आणि पुढच्या सतरंजीवर जागा कमी पडायला लागली तेव्हा तिला मागे खिडकीपाशी बसवलं. ऐकूनच शिकते, तिला फळा कशाला लागतो, असा विचार मी केला. मी केला गं, दुसऱ्या कुणी नाही.

दिवाळीनंतर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं. डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता टांगला. तिला सगळ्यात वरचं मोठं अक्षर दिसलं, त्याखालचं काही नाही. पुढे तपासणीत दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीन नंबर निघाला. वडिलांनी कराडहून चष्मा आणला. सोमवारी ती वर्गात आली, फळ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, शनिवारची तारीख पुसायची राहिलीय.” मग जरा थांबून, “तिथं रोज तारीख असते होय?”

दोन वर्षं आणि काही महिने ती शाळेत होती. रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी तारीख लिहितं, हे तिला माहीतच नव्हतं. दिसत नव्हतं म्हणून तिनं कान तीक्ष्ण केले होते. तिची ती धडपड होती आणि मी तिला शैली म्हणत होते. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी भिंतीवरचे तिन्ही कागद काढले.

त्यानंतर मी वाचायला लागले. केंद्रशाळेत वीज आणि नेट दोन्ही असतं, तिथं शनिवारी दुपारी बसायचे. तुला थोडक्यात सांगते. शैली एक-दोन नाहीत. २००४मध्ये इंग्लंडमधल्या फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजणी केली तर निरनिराळी ७१ प्रारूपं निघाली. मग २००८मध्ये हॅरॉल्ड पॅश्लर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी साधा, सरळ प्रश्न विचारला. समज, वर्गात पाहणारी आणि ऐकणारी अशी मुलं आहेत. दोन्ही गटांतल्या निम्म्यांना दाखवून शिकवा, निम्म्यांना ऐकवून, आणि शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. शैली जुळवून शिकवणं खरंच उपयोगी असेल, तर पाहणारी दाखवल्यावर पुढे जायला हवीत आणि ऐकणारी ऐकवल्यावर. अशा पद्धतीनं नीट केलेले प्रयोग त्यांना फारच थोडे सापडले, आणि त्यांतले काही तर या कल्पनेच्या थेट उलट बोलत होते. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून तुमच्या फ्लेमिंगचीच प्रश्नावली भरून घेतली. बहुतेकांनी अभ्यास काही आपल्या शैलीनं केला नाही, आणि ज्यांनी केला त्यांना गुण जास्त पडले नाहीत. हे २०१८मध्ये छापून आलं.

तुला हॉवर्ड गार्डनर आठवत असेल, डीएडला आपण त्याच्या बुद्धिमत्ता पाठ केल्या होत्या. त्याचं पुस्तक १९८३चं. माणसाच्या क्षमता अनेक प्रकारच्या असतात एवढंच तो म्हणाला होता. लोकांनी त्याच्या नावावर शैली खपवल्या, तेव्हा २०१३मध्ये त्यानं स्वतः लेख लिहून सांगितलं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण तोवर फार उशीर झाला होता. आपल्याकडे तर मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन त्यांची बुद्धिमत्ता आणि शैली सांगणारे अहवाल विकले जातात. आमच्या एका पालकानं असा जाडजूड रंगीत अहवाल आणून माझ्या टेबलावर ठेवला. बोटांच्या रेषांवरून मूल कसं शिकतं हे कळतं, याला शास्त्राचा काडीचा आधार नाही. त्या माणसानं ऊसतोडीच्या पैशातून तो घेतला होता. मला रागही धड आवरेना आणि त्याला स्पष्ट सांगायचं धाडसही लगेच होईना. सांगितलं शेवटी, पण चहा झाल्यावर.

तरी मुलं सारखी शिकत नाहीत हे तर आपण डोळ्यांनी बघतो, असं तू म्हणशील. नाहीच शिकत. पण फरक कुठे असतो? याच वर्षीचं सांगते. तिसरीतला एक मुलगा ‘त्रेपन्न’ लिही म्हटलं की ३५ लिहायचा. मागच्या वर्षीची मी असते तर त्याला चित्रं दिली असती, नाहीतर उड्या मारायला लावल्या असत्या. यंदा त्याच्याजवळ बसून राहिले आणि ऐकलं. तो पुटपुटत होता, “त्रे… तीन,” आणि तीन लिहीत होता. मग “पन्न… पाच.” तो जे ऐकत होता तेच बिनचूक लिहीत होता! गोची मुलात नव्हती, शब्दात होती. आपल्या मराठीत एकक आधी बोलतात आणि दशक आधी लिहितात. आठवतंय ना, २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘पन्नास तीन’ अशी वाचनाची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला? मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. लोकांनी टिंगल केली. माझं मत विचारशील तर बाईंचं बरोबर होतं, वर्गात जमिनीवर बसलेल्या माणसाला ते लगेच पटतं. मी त्या मुलाला काड्यांचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या दिल्या. ‘पन्नास आणि तीन’ म्हणत त्यानं त्या मांडल्या, मग लिहिलं, मग ‘त्रेपन्न’ म्हटलं. दहा-बारा दिवस हेच. आता चुकत नाही. यात पाहणं, ऐकणं, करणं, लिहिणं सगळं आलं, आणि ते त्याची शैली कोणती म्हणून आलं नाही. त्रेपन्न ही गोष्टच अशी आहे की ती या सगळ्या वाटांनी जाऊन कळते.

तुझ्या वर्गातल्या मुलांना तर हे दुप्पट जड जाणार, कारण ती आठवडाभर ‘फिफ्टी-थ्री’ म्हणतात.

मला वाटतं, फिरून आपण याच ठिकाणी यायला हवं: मुलाची वाट शोधण्याआधी विषयाची वाट शोधावी. नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही, मग मूल कोणत्याही रकान्यातलं असो. ‘ळ’ कानानं आणि जिभेनंच शिकावा लागतो. भाकरी थापल्याशिवाय येत नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटानं अक्षर गिरवायचं आणि गिरवताना मोठ्यानं म्हणायचं, अशी रीत होती. छडीचं मी समर्थन करणार नाही, पण एकाच अक्षरासाठी बोट, डोळा, कान, तोंड एकदम कामाला लावण्यात शहाणपण होतं. पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत पाढे चालीवर म्हणत, तेही तसंच. साडेतीनपट तोंडावर असणं बाजारात लागायचं आणि चाल लावली की ते जिभेवर राहायचं.

आणि मुलाकडे बघायचं तर ताराबाई मोडकांसारखं बघावं. १९४५मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, तर त्यांनी मुलाचा दिवस पाहिला. ते गुरं राखतं, धाकट्या भावंडाला सांभाळतं. मग अंगणात शाळा गेली, कुरणात शाळा गेली. मुलाला घरी कोणती भाषा ऐकू येते, आधीचं काय येतं, काय राहून गेलंय, सकाळी काही खाल्लंय का, फळा दिसतो का, हे फरक खरे आहेत. यांतला प्रत्येक फरक शिकवण्यात बदल मागतो. मी आता नोंदवहीत हेच लिहिते. ज्या पानावर ‘श्राव्य’ लिहिलं होतं, तिथं आता ‘उणे ३.५, पुढे बसवणे’ असं आहे.

तुझ्या लेकीचं बोलायचं राहिलं. तिच्याशी वाद घालू नकोस आणि ‘तू करून शिकणारी नाहीस’ असंही सांगू नकोस. हातानं करायची आवड चांगलीच आहे. फक्त एक कर. गोष्टीचं एकच पान वाचायला दे, मग पुस्तक मिटून ठेव आणि जे आठवेल ते तिला सांगू दे, नाहीतर गोष्टीतली पात्रं होऊन करून दाखवू दे. विसरली तर पुन्हा पान उघडायचं. २००६मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी दाखवलं होतं की पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून पाहिलेलं आठवड्यानंतर जास्त टिकतं. मी हे वर्गात रोज करते, शेवटची पाच मिनिटं, दप्तरं बंद करून. एकोणीसच्या एकोणीस मुलांबरोबर, रकाने न पाडता. आणि त्या ताईंना दुखवू नकोस. त्या मुलांच्या मायेपोटीच ते करताहेत, मीही तसंच केलं होतं. त्यांना चष्म्याची गोष्ट सांग, माझं नाव घेऊन सांगितलीस तरी चालेल.

अजून एक. तुझ्या अकरा मुलांना ‘टाळी’ आणि ‘टाली’, ‘गोळा’ आणि ‘गोला’ यांतला फरक ऐकू येतो का? आधी म्हणायला लावू नकोस, नुसतं ऐकून हात वर करायला सांग. किती हात वर जातात ते मला कळव, आणि मुलांचे आवाज रेकॉर्ड करून पाठव. आमच्या मुलांनी म्हटलेले ‘ळ’चे शब्द मी बुधवारी पाठवते, केंद्रावर जायचंच आहे. काकांचे गुडघे कसे आहेत तेही लिही. तिकडे थंडी असेल ना आता?

तुझी,
वरच्या कॉटवरची