पाळकीणबाईंची रजा

मैत्रिणींनो, तुम्हाला शेवटची रजा कधी मिळाली, आठवतंय का? बाळंतपणाची नव्हे, माहेरच्या लग्नाची नव्हे. सासऱ्यांच्या दुखण्यात दवाखान्याच्या बाकावर काढलेली तर नव्हेच. नुसती रजा. मी महिनाभर आठवतेय, मला काही सापडत नाही.

हा भुंगा माझ्या डोक्यात सोडला तो माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने. ती ख्रिस्ती. तिचे यजमान पाळक आहेत, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. कॅथलिक फादरांना संसार नसतो, प्रॉटेस्टंट पाळकांना असतो आणि त्यांच्या बायकोला सारे ‘पाळकीणबाई’ म्हणतात. पाळकीणबाईंना नेमणुकीचा कागद नाही की पगार नाही. मुलांची रविवारची शाळा, भगिनी मंडळ, आजाऱ्यांच्या भेटी आणि वेळी-अवेळी येणाऱ्यांचा चहा मात्र त्यांच्याकडे!

परवा कवठे महांकाळहून मिरजेला जाताना एसटीत भेटली. म्हणाली, “अगं, ह्यांना तीन महिन्यांची अभ्यासरजा मिळालीय. शास्त्राचं वाचन, प्रार्थना, मौन. वीस वर्षं लोकांना देऊन देऊन माणूस आतून कोरडा झाला होता गं. शनिवारी रात्री प्रवचन लिहायला बसायचे आणि कागद कोराच.”

“बरं झालं,” मी म्हटलं. “आणि तू?”

“मी होय? चर्चची किल्ली माझ्याकडं आहे की!”

मग तिने मला या विसाव्याचे मूळ सांगितले. बायबलात सातवा दिवस शब्बाथाचा, कामाला हात लावायचा नाही. आणि सातवे वर्ष जमिनीच्या विसाव्याचे. शेत पेरायचे नाही, द्राक्षमळा छाटायचा नाही. द्राक्षमळा म्हटल्यावर मी कान टवकारले. आमच्या भागात घरटी कोणाची ना कोणाची बाग असते. माल उतरला की एप्रिल छाटणीआधी बागेला विसावा देतात. विसावा चुकला तर पुढच्या साली वेल सूड उगवते, हे इथले शेंबडे पोरही सांगेल.

“पण गंमत ऐक,” ती म्हणाली. “दहा आज्ञांत सातव्या दिवशी कुणी कुणी काम करायचं नाही त्याची यादी आहे. तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, जनावरं, वेशीच्या आतला परका माणूस. बायकोचं नाव नाही! ह्यांना विचारलं तर म्हणतात, ‘तू’मध्ये बायको आलीच.”

आम्ही दोघी इतक्या हसलो की कंडक्टरने वळून पाहिले. घरी आल्यावर मात्र हसू आले नाही.

कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढली. रेव्हरंड टिळकांचा १८९५ सालचा बाप्तिस्मा, त्यापायी झालेली ताटातूट, मग १९०० साली लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा, हे तुम्ही वाचले असेलच. मी थांबले ते १९१७ सालापाशी. टिळकांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली, नगर सोडले आणि इकडे साताऱ्याला येऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या, पण ख्रिस्ताला मानणाऱ्या साऱ्यांनी एकत्र यावे, परक्या मिशनच्या चौकटीबाहेर देशी रीतीने त्याची भक्ती करावी, ही त्यांची तळमळ. वय पंचावन्न. रजा कसली, तो निरोपच होता. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ला, ते गेले.

टिळक मोठेच. पण बाई म्हणून वाचताना मला आधी पगार दिसतो. नवऱ्याने तो देवासाठी सोडला तरी वाण्याची उधारी देवाच्या नावावर पडत नाही, हो ना? आणि ‘ख्रिस्तायन’ हे टिळकांनी आरंभलेले मोठे काव्य अर्धवटच राहिले. ते पुढे नेले कोणी? लक्ष्मीबाईंनी. चौसष्ट अध्याय लिहिले त्यांनी! शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने! १९३६ साली त्या गेल्या आणि काव्य छापून निघाले १९३८ साली. ते चौसष्ट अध्याय कोणत्या रजेत लिहिले असतील?

माझे मागणे एवढे मोठे नाही. बारा वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरी वाचायला घेतली, ती सहाव्या अध्यायापाशी अडकलीय. गावात पारायण होते तेव्हा आम्ही बायका ओव्या कमी ऐकतो, पोळ्या जास्त लाटतो. म्हणून परवा ह्यांना म्हटलं, “अहो, मला आठ दिवस जायचंय.”

“जा की. कुणाचं लग्न?”

“कुणाचं नाही.”

“मग कोण आजारी आहे?”

ह्यांचे काही चुकले नाही बरं. इतक्या वर्षांत मी तिसऱ्या कारणाने घराबाहेर राहिलेच नव्हते!

मैत्रिणीचे यजमान परतले की ती किल्ली त्यांच्या हातात देणार आहे. बेदाण्याचा हंगाम सरला की आमच्या मळ्यातली शेडजवळची खोली रिकामीच असते. दोन खाटा, एक स्टोव्ह. ती तिचे बायबल आणणार, मी माझी ज्ञानेश्वरी. जेवण? खिचडी, नाहीतर भाकरी-ठेचा. मुलांनी, नवऱ्यांनी भेटायला यायचे नाही, अशी अटच घातलीय.

हे मी ह्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. पानही उलटेना. माझा जीव खालीवर. मग चष्मा काढला आणि म्हणाले, “आईच्या सकाळच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात, तेवढं दाखवून ठेव.”