नऊ व्होल्ट

बाबांचा कॉम्प्युटर मी मारला. घराला रंग काढायचा होता, म्हणून माळा रिकामा करत होतो. तेव्हा तो खोक्यात सापडला. काळा, वहीपेक्षा थोडा मोठा, सगळा कॉम्प्युटर कीबोर्डच्या आतच. सोबत दोन कॅसेट. बाबा म्हणाले, "ई-वेस्टमध्ये देऊन टाक. आता कोण दुरुस्त करणार तो?" द्यायच्या आधी एकदा चालवून बघू म्हटलं. अडॅप्टर नव्हता, म्हणून राउटरचा जुना नऊ व्होल्टचा लावला. पिन नीट बसली. थोडा जळका वास आला, बस्स.

रात्री शोधल्यावर कळलं. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरच्या पिनेत मधे प्लस असतो, या मशीनला मधे मायनस लागतो. मी उलटी वीज दिली होती. बाबांना काही बोललो नाही.

मशीन होतं डेसिबेल्स कंपनीचं डीबी स्पेक्ट्रम प्लस. क्लाइव्ह सिंक्लेअरच्या ब्रिटिश स्पेक्ट्रमची ही परवान्याने काढलेली पुण्याची आवृत्ती, १९८६ सालची. तिच्या पन्नास हजारांवर प्रती भारतात खपल्या असं सांगतात. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सिंक्लेअरने आपला कॉम्प्युटरचा धंदा ५० लाख पौंडांना अ‍ॅमस्ट्रॅडला विकला. १९९२ मध्ये स्पेक्ट्रम बनणंच थांबलं. म्हणजे मी जन्मायच्या आधीच या मशीनचा सपोर्ट संपला होता.

'सपोर्ट संपला' हे वाक्य मी ऑफिसात स्वतः लिहितो. आमच्या एका जुन्या प्रॉडक्टच्या ग्राहकांना पाठवायची मेल त्याच आठवड्यात माझ्या ड्राफ्टमध्ये पडून होती. अमुक तारखेनंतर दुरुस्ती नाही, अपडेट नाही, आपल्या सहकार्याबद्दल आभार. चार ओळी. आता मी पहिल्यांदाच त्या मेलच्या पलीकडच्या बाजूला उभा होतो.

दिंडोशी डेपोच्या मागच्या गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. हल्ली त्यांच्याकडे रिमोट आणि मिक्सरच जास्त येतात. त्यांनी मशीन उघडलं, फुंकर मारली आणि विचारलं, "नकाशा आहे?"

नकाशा म्हणजे सर्किट डायग्राम. तो होता. स्पेक्ट्रमचं सर्व्हिस मॅन्युअल १९८४ मध्येच छापलं गेलं होतं आणि कोणीतरी ते स्कॅन करून ठेवलंय. मी प्रिंट काढून नेली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागदावर बोट फिरवलं. खालच्या १६ केबी मेमरीच्या आठ चिप्सना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: प्लस पाच, मायनस पाच आणि प्लस बारा. त्यासाठी एक छोटा ट्रान्झिस्टर धडपडत असतो. तो उडाला की मेमरीही घेऊन जातो. "हा गेलाय," काका म्हणाले, "आणि मेमरीच्या दोन." मग एका मोठ्या चिपवर बोट ठेवलं. "ही जायला नको. ही बाजारात मिळत नाही."

ती यूएलए. फेरांटी कंपनीने खास स्पेक्ट्रमसाठी बनवलेली. तिच्या आत काय आहे ते मॅन्युअलमध्ये नाही. पुढे ख्रिस स्मिथ नावाच्या माणसाने चिवटपणे तिचा उलगडा केला आणि २०१० मध्ये त्यावर अख्खं पुस्तक काढलं. अ‍ॅमस्ट्रॅडने १९९९ मध्ये मशीनच्या रॉममधलं सॉफ्टवेअर लोकांनी फुकट वाटायला हरकत नाही असं जाहीर केलं. कंपनी फोन उचलायची थांबली, पण मशीन कसं चालतं हे मागे राहिलं, म्हणून ते दुरुस्त होऊ शकतं.

माझ्या ड्राफ्टमधल्या चार ओळी मागे काय ठेवणार होत्या?

यूएलए वाचली होती. ट्रान्झिस्टर काकांच्या डब्यातच निघाला. मेमरीसाठी मी लॅमिंग्टन रोडला दोन शनिवार घालवले आणि शेवटी एका भंगारातल्या बोर्डावरून काढून घेतली. तिसऱ्या शनिवारी बाबांना दुकानात घेऊन गेलो. काकांच्या जुन्या टीव्हीवर सिंक्लेअरची ती एक ओळ उमटली.

बाबा स्टुलावर बसले. लोड ही आज्ञा द्यायला जे दाबायचं, मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा पी, मग एंटर. त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही. कॅसेट किंचाळायला लागली, स्क्रीनच्या कडेला निळे-पिवळे पट्टे धावले. दोनदा एरर आला. तिसऱ्यांदा प्रोग्रॅम चढला. मी उत्साहाने रन द्यायला हात पुढे केला तर बाबांनी मनगट धरलं.

"रन नको! हिशोब पुसला जाईल. गो टू दहा दे."

खरंच होतं. या बेसिकमध्ये प्रोग्रॅमसोबत त्यातली माहितीही कॅसेटवर जाते, पण रन दिलं की ती सगळी कोरी होते. इंजिनिअरिंगची डिग्री माझ्याकडे होती. दिवसभर कारकुनी करून रात्री बेसिक शिकलेल्या माणसाने मला थांबवलं.

स्क्रीनवर आमच्या लालबागच्या चाळीची भिशी आली. खोली नंबर, नाव, हप्ता. बाबा एकेक नाव मोठ्याने वाचत गेले. काही नावांवर थांबले. मला एवढंच माहीत होतं की बाबा कॉम्प्युटर 'शिकले होते'. ते कोणासाठी काहीतरी बनवत होते, हे माहीत नव्हतं.

सोमवारी मी मेल पाठवली नाही. मॅनेजरला म्हटलं, निदान आपल्या फाइल्सची रचना समजावणारा कागद सोबत देऊ, म्हणजे लोकांना आपला डेटा नंतरही उघडता येईल. सोर्स कोड द्यायला नकार आला. कागदाला होकार मिळाला. अकरा पानं झाली. ती मी घरी बसून लिहिली.

लिहिताना बाबा मागून चहा घेऊन आले. म्हणाले, "दहा नंबरच्या खोलीचे दोन हप्ते राहिलेत रे अजून."

मग जाता जाता, "आणि तो राउटरचा अडॅप्टर फेकून दे. वास हॉलपर्यंत आला होता."